नोकरी सोडून पूर्णवेळ क्रिप्टो ट्रेडिंग करू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २४ वर्षांचा आहे. गाव सांगली जिल्ह्यात, घरी ऊस आणि एक एकर द्राक्षबाग. पुण्यातून कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलं. कॅम्पसमधून नोकरी लागली, पण जॉइनिंग दहा महिने लांबलं. आता हिंजवडीतल्या एका सर्व्हिस कंपनीत सपोर्ट प्रोजेक्टवर आहे, हातात २६ हजार येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये रूममेटच्या सांगण्यावरून मीम कॉइनमध्ये (इंटरनेटवरच्या गमतीतून निघालेल्या क्रिप्टोत) ४० हजार टाकले. दोन महिन्यांत त्याचे दोन लाख दहा हजार झाले. ते विकून टेलिग्राम ग्रुपच्या सिग्नलवर फ्युचर्स (भाव वर जाईल की खाली यावरचे सौदे) सुरू केले, २० पट लिव्हरेज, म्हणजे लावलेल्या पैशाच्या २० पट मोठा सौदा, दिवसाला आठ-दहा ट्रेड. ते पैसे गेले. भरून काढायला ॲपवरून तीन लाखांचं पर्सनल लोन घेतलं, १६ टक्के, तीन वर्षं. आबांनी द्राक्षाच्या पैशातले दीड लाख बहिणीच्या फीसाठी माझ्या खात्यावर ठेवले होते, तेही टाकले. ११ ऑक्टोबर २०२५ ला सकाळी उठून बघितलं तर सगळ्या पोझिशन (चालू सौदे) लिक्विडेट, म्हणजे एक्स्चेंजनं जबरदस्तीनं बंद केलेल्या. आता १८ हजारांचं बिटकॉइन उरलंय. घरी कुणालाच माहीत नाही. झोप लागत नाही, कधी कधी नको ते विचार येतात. पण मार्केट आता कळायला लागलंय. ऑफिसमुळे लक्ष देता येत नव्हतं. नोकरी सोडून सहा महिने पूर्णवेळ ट्रेडिंग केलं तर रिकव्हर होईल असं वाटतं. रूममेट म्हणतो, एआयमुळे आयटीत तसंही काही राहिलं नाही. दुसरा पर्याय म्हणजे ब्लॉकचेन (क्रिप्टोच्या मागचं तंत्र) डेव्हलपर होणं. एका वेब थ्री (ब्लॉकचेनवर काम करणाऱ्या) कंपनीनं लिंक्डइनवर स्वतःहून संपर्क केलाय. पगार टोकनमध्ये (क्रिप्टोत) देणार, आधी एक असाइनमेंट करून द्यायचीय. कोडिंग बऱ्यापैकी येतं. प्राइस अलर्टसाठी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिलीय, वेबसॉकेट (भाव सतत आणणारी जोडणी) तुटला तरी आपोआप परत जोडते, वर्षभर चालू आहे. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर :

"नको ते विचार येतात" हे वाक्य तू मध्येच लिहून पुढे निघून गेलास. मला तसं पुढे जाता येत नाही, म्हणून आधी त्याबद्दल. हे वाचून झालं की १४४१६ वर फोन कर. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. "कर्ज झालंय, झोप लागत नाही" एवढंच म्हणालास तरी पुढचं ते विचारतील. आज रात्री खोलीवर एकटा राहू नकोस. कॉलेजमधला एखादा मित्र असेल, ज्याला क्रिप्टोतलं ओ की ठो कळत नाही, त्याच्याकडे जा आणि त्याला सगळं सांग. तुझ्या खिशातून गेलेली रक्कम मी मोजली : ४० हजार, तीन लाख, दीड लाख, त्यातून उरलेले १८ हजार वजा. साधारण पावणेपाच लाख. तुझ्या पगाराला हा आकडा जड आहे, पण २४ व्या वर्षी नोकरी असलेल्या मुलाला तो फिटण्यासारखा आहे. तो फेडायला तू लागणार आहेस, धडधाकट आणि झोप झालेला.

आता प्रश्नाचं उत्तर. नोकरी सोडू नकोस. ट्रेडिंग पूर्णवेळ नको आणि अर्धवेळही नको. फ्युचर्सचं खातं आजच बंद कर. नुसतं "नको" म्हटल्यानं तू थांबणार नाहीस हे "आता कळायला लागलंय" या शब्दांवरून दिसतंय, म्हणून हिशेबच मांडते.

समज, तू ५० हजार मार्जिन, म्हणजे स्वतःचे पैसे, लावलंस. २० पट म्हणजे पोझिशन १० लाखांची. भाव ५ टक्के उलटा गेला की ५० हजार साफ. प्रत्यक्षात एक्स्चेंज मेंटेनन्स मार्जिन म्हणून थोडी रक्कम राखून ठेवतं, त्यामुळे त्याच्या थोडं आधीच पोझिशन कापली जाते. एवढं तुला पाठ असेल. आता फी बघ. फी तुझ्या ५० हजारांवर लागत नाही, पूर्ण १० लाखांवर लागते. एका बाजूला ०.०५ टक्के धरली तर उघडताना ५०० रुपये, बंद करताना ५००. भाव जागचा हलला नाही तरी तुझे हजार रुपये गेले, म्हणजे लावलेल्या पैशाचे दोन टक्के. अशा आकाराचे ५० ट्रेड झाले की ५० हजार नुसत्या फीत संपतात, आणि दिवसाला आठ-दहा ट्रेडच्या वेगानं ५० ट्रेड व्हायला आठवडासुद्धा लागत नाही. त्यावर फंडिंग, म्हणजे पोझिशन उघडी असेपर्यंत ट्रेडरांनी एकमेकांना द्यायची रक्कम. दर आठ तासांनी ०.०१ टक्का धरलास तर १० लाखांवर दिवसाला ३०० रुपये. तुझा अंदाज बरोबर होता की चुकीचा, हा प्रश्न एवढं सगळं वजा झाल्यानंतर येतो.

हे माझ्या शब्दावर मान्य करू नकोस. एक्स्चेंजवरून तुझ्या सगळ्या ट्रेडची सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) उतरवून घे आणि पायथनमध्ये चार बेरजा वेगवेगळ्या कर : भावातून झालेला नफा-तोटा, फी, फंडिंग, लिक्विडेशन. एका संध्याकाळचं काम आहे. आपण जिंकलेले ट्रेड आपल्याला नावानिशी आठवतात आणि फी आठवत नाही, म्हणून ही फाइल उघडून बघणं मला फार गरजेचं वाटतं. हीच फाइल पुढे सीएकडेही लागणार आहे.

टेलिग्राम ग्रुपवाल्याचंही बघ. तो जी लिंक देऊन खातं उघडायला लावतो ती बहुतेक वेळा रेफरल लिंक असते, आणि तू भरलेल्या फीमधला वाटा त्याला मिळत राहतो. तुझा ट्रेड नफ्यात गेला की तोट्यात, यानं त्याला फरक पडत नाही. तू दिवसाला किती ट्रेड केलेस यानं पडतो. सिग्नल इतके वरचेवर का येतात याचं कारण मला तरी यात दिसतं.

आता ऑफिसमुळे लक्ष देता आलं नाही, या म्हणण्याकडे येते. ११ ऑक्टोबरचीच रात्र घेऊ. अमेरिकेत १० तारखेची संध्याकाळ होती. ट्रम्प यांनी चीनच्या मालावर आणखी १०० टक्के आयातशुल्क लावण्याची घोषणा केली तेव्हा आपल्याकडे पहाटेचे अडीच वाजायला आले होते. त्या दिवशी १ लाख २० हजार डॉलरच्या वर असलेला बिटकॉइन १ लाख ५ हजारांच्या जवळ आला. काही लहान कॉइन काही मिनिटांसाठी निम्म्याहून खाली गेले. चोवीस तासांत सुमारे १९ अब्ज डॉलरच्या पोझिशन कापल्या गेल्या. एवढं मोठं लिक्विडेशन या बाजारानं त्याआधी पाहिलेलं नव्हतं. तेव्हा तू ऑफिसात नव्हतास, झोपला होतास. हा बाजार कधीच बंद होत नाही, त्यामुळे राजीनामा दिलास तरी पहाटे अडीच वाजता तू झोपलेलाच असणार.

असं ट्रेडिंग करणाऱ्यांचं काय होतं, याची क्रिप्टोपुरती खात्रीची आकडेवारी देता येत नाही, पण शेअर बाजाराच्या एफ अँड ओची (फ्युचर्स आणि ऑप्शन्सची) आहे. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. तीन वर्षांत एक लाखाहून जास्त नफा काढणारे जेमतेम १ टक्का. सलग दोन वर्षं तोटा सोसूनही ज्यांनी ट्रेडिंग सोडलं नाही असे तोट्यातल्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त. लक्षात घे, तो बाजार सेबीच्या देखरेखीखालचा, ठरावीक वेळेत चालणारा. तुला १८ हजारांच्या भांडवलावर दरमहा २६ हजार काढायचे आहेत, त्यातूनच साडेदहा हजारांचा हप्ता. हे होणार नाही. मग नवं कर्ज काढशील, आणि नोकरी नसल्यानं ते आणखी महाग मिळेल.

कराबद्दल पत्रात एक अक्षर नाही, त्याची मला काळजी वाटते. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के उपकर. खरेदी किमतीशिवाय दुसरा खर्च वजा होत नाही. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. एकात लाख कमावले आणि दुसऱ्यात ८० हजार गमावले तर हातात २० हजार येतात आणि कर ३१,२०० चा लागतो. मीम कॉइन विकून यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो) घेतलंस तीही कायद्यानं विक्रीच. म्हणजे तुझे ते एक लाख सत्तर हजार २०२४-२५ चं उत्पन्न आहे, पैसे नंतर बुडाले तरी. १ टक्का टीडीएस कापला गेला असेल तर तो आयकर खात्याला दिसतोच. रिटर्नमध्ये दाखवलं नसशील तर अपडेटेड रिटर्न भरता येतं, जितका उशीर तितका जादा कर. फ्युचर्सचं गणित वेगळं आणि किचकट आहे. एका सीएला फी देऊन बस, त्या दोन-तीन हजारांत चालढकल करू नकोस.

आता तुझ्या स्क्रिप्टविषयी. ती गोष्ट तू पत्राच्या शेवटी जाता जाता सांगितलीस. या दीड वर्षात तू केलेल्या सगळ्या कामात मला तीच मोलाची वाटली, आणि तुझं करिअर तिथूनच पुढे न्यावंस असं मला मनापासून वाटतं.

मी मुलाखती घेते. तीन-चार वर्षं अनुभवाची मुलं येतात, त्यांच्या रेझ्युमेवर दहा टेक्नॉलॉजींची नावं असतात. "स्वतः लिहिलेलं आणि खरोखर चालू असलेलं काही दाखवा" म्हटलं की गप्प होतात. कॉलेजचा प्रोजेक्ट दाखवतात, तोही चौघांत मिळून केलेला. तुझा प्रोग्रॅम वर्षभर चालतोय. तुटतो, परत उभा राहतो. हे फार कमी जणांकडे असतं. तू माझ्यासमोर बसला असतास तर मी विचारलं असतं : वेबसॉकेट तुटला त्या मधल्या वेळातले भाव कुठून भरून काढतोस? तुटल्यावर दर सेकंदाला परत धडका मारतोस, की दर वेळी थांबण्याचा वेळ वाढवत नेतोस? तोच निरोप दोनदा आला तर अलर्ट दोनदा जातो का? सर्व्हर रीस्टार्ट झाला तर स्क्रिप्ट स्वतः उठते, की तुला लॉगिन करावं लागतं? आणि ११ ऑक्टोबरच्या पहाटे तिनं काय केलं? अशा रात्री डेटाचा पूर येतो, जोडण्या धडाधड तुटतात. त्या रात्रीचा लॉग अजून असेल तर जपून ठेव. पैसे बुडाल्याची आठवण म्हणून तो उघडवणार नाही, कळतं मला. महिन्याभरानं उघड. आपली सिस्टीम ताणाखाली कुठे मोडली हे दाखवणारा असा कागद सहज मिळत नाही.

या प्रश्नांची उत्तरं शोधत ती स्क्रिप्ट नीट बांध. डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साठव, कुठल्याही मशीनवर चालावी म्हणून डॉकरमध्ये बसव, चाचण्या लिही, दुसऱ्याला वाचून चालवता येईल असं रीडमी लिही. फक्त एक बदल कर : क्रिप्टोचे भाव त्यातून काढून टाक. ते आकडे समोर हलत राहिले तर तुझा हात परत तिकडे जाईल. शेतमालाचे बाजार समित्यांमधले रोजचे भाव सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या साइटवर एपीआयनं, म्हणजे प्रोग्रॅमला थेट, मिळतात. तिथे अडचणीही वेगळ्या येतील. एका समितीचा आकडा एक दिवस येतच नाही, एकाच वाणाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, क्विंटल आणि किलोचा घोळ होतो. खऱ्या नोकरीत डेटा असाच मिळतो, आणि हे साफ करता येणाऱ्याला काम मिळतं.

आणि हातातलं सपोर्टचं काम. त्याला तू तुच्छ लेखतोयस असं वाटलं. अशा प्रोजेक्टवर काय चालतं ते माहीत आहे मला. रात्रीचा बॅच जॉब पडतो, कुणीतरी तो रीस्टार्ट करतं, तिकिटावर "जॉब रीस्टार्टेड, वर्किंग फाइन" लिहून बंद करतं, आणि पुढच्या मंगळवारी तेच तिकीट नव्या नंबरानं येतं. तू गेल्या तीन महिन्यांची तिकिटं काढ आणि कोणती परत परत येतात ते बघ. त्यातलं एकच घे. लॉग वाच. फाइल वरून उशिरा येते का, एखादी क्वेरी टेबल अडवून बसते का, डिस्क भरते का, शोधून काढ. कारण सापडलं की एका पानावर लिही आणि लीडला दाखव. एसक्यूएल, लिनक्स, लॉग वाचण्याची सवय आणि ग्राहकाशी शांतपणे बोलणं, या चार गोष्टी सपोर्टमध्ये पगार घेऊन शिकता येतात. सहा महिन्यांत अशी तीन-चार कारणं शोधलीस तर डेव्हलपमेंट किंवा एसआरईच्या (सिस्टीम चालू ठेवणाऱ्या इंजिनीअरच्या) जागेसाठी कंपनीत मागणी करायला तुझ्याकडे आधार असेल, आणि कंपनीनं नाही दिलं तर बाहेर.

एआयची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त लोक कमी करणार असल्याचं सांगितलं, आणि त्यात भर मधल्या व वरच्या फळीवर होता. नवीन भरतीही पूर्वीसारखी राहिलेली नाही, तुझं जॉइनिंग लांबलं त्यात ते आलंच. पण यावरून "आयटीत काही राहिलं नाही, म्हणून २० पट लिव्हरेज" हा निष्कर्ष कसा निघतो? साधा कोड आता टूल लिहून देतं. तो पहाटे का मोडला हे शोधणारा माणूस अजून लागतो आणि तो होण्याची संधी तुझ्या टेबलावर रोज तिकिटाच्या रूपानं येते.

ब्लॉकचेन डेव्हलपर व्हायला माझी ना नाही. त्या तंत्रात खरी खोली आहे, आणि तिचा भावाशी फारसा संबंध नाही. एक उदाहरण देते. जून २०१६ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या 'द डीएओ' या निधीतून सुमारे ३६ लाख इथर (तिथलं चलन) काढून घेतले गेले. कुणी पासवर्ड चोरला नव्हता. कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पैसे परत देण्याचं फंक्शन होतं. ते आधी पैसे पाठवायचं आणि नंतर खात्यातली शिल्लक कमी करायचं. पैसे घेणारा स्वतःच एक प्रोग्रॅम होता. पैसे हातात पडताच, शिल्लक कमी व्हायच्या आत, तो तेच फंक्शन परत बोलवायचा. शिल्लक तशीच दिसायची, पैसे परत सुटायचे, पुन्हा बोलवायचा. दोन ओळींचा क्रम उलटा असता तर ही वाट बंद झाली असती. हे वाचून तुला कोड उघडून बघावासा वाटला तर हे क्षेत्र तुझं आहे. ओपनझेपेलिनचा 'इथरनॉट' नावाचा फुकट खेळ आहे, त्यात असेच सदोष कॉन्ट्रॅक्ट फोडायचे असतात, खेळण्यातल्या पैशांवर. शनिवार-रविवारी तो खेळ. "कुठला कॉइन वर जाईल" एवढंच डोक्यात आलं तर मात्र सोड.

पण हे दुसरं पाऊल ठेव, पहिलं नाही. या क्षेत्रातली भरती भावाबरोबर वरखाली होते. जून २०२२ मध्ये भाव कोसळले तेव्हा कॉइनबेस या अमेरिकी एक्स्चेंजनं १८ टक्के लोक काढले. तिथे टिकतात ते आधीपासून चांगले इंजिनीअर असतात. २०१७ मध्ये मॅटिक नावानं सुरू झालेल्या आणि पुढे पॉलिगॉन झालेल्या ब्लॉकचेन प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी जयंती कनानी हे त्याआधी हाउसिंग डॉट कॉममध्ये डेटाचं काम करत होते. त्या पॉलिगॉनच्या चाचणीच्या नेटवर्कचं नाव बरीच वर्षं 'मुंबई' होतं, जगभरचे डेव्हलपर आपला कोड 'मुंबई'वर तपासायचे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

ती लिंक्डइनवरची असाइनमेंट मात्र उघडू नकोस. त्या पहिल्या फोननंतर तुझ्या पत्रातलं सगळ्यात तातडीचं हेच आहे. क्रिप्टोतल्या डेव्हलपरना नोकरीच्या नावानं गाठायचं, मुलाखत घ्यायची, "हा कोड चालवून त्यातला बग काढा" म्हणून फाइल पाठवायची, आणि ती चालवली की लॅपटॉपवरचे वॉलेट, ब्राउझरमधले पासवर्ड सगळं उचलायचं, ही ठरलेली पद्धत आहे. उत्तर कोरियाच्या हॅकरांचे गट वर्षानुवर्षं हेच करतायत. २०२२ मध्ये ॲक्सी इन्फिनिटी या खेळाच्या रोनिन नेटवर्कमधून ६० कोटी डॉलरहून जास्त गेले, त्याची सुरुवातही एका इंजिनीअरला आलेल्या खोट्या नोकरीच्या ऑफरमधून झाली असं समोर आलं होतं. तू असाइनमेंट आधीच उघडली असशील तर त्या लॅपटॉपवरून कुठेही लॉगिन करू नकोस. दुसऱ्या मशीनवरून सगळे पासवर्ड बदल. बँकेतून किंवा खात्यातून काही गेलं असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार कर. ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडली असशील तर आजच कंपनीच्या सिक्युरिटी टीमला सांग. बोलणी खावी लागतील, पण लपवलंस आणि नंतर सापडलं तर नोकरी जाईल.

कंपनी खरी निघाली तरी टोकनमधला पगार घेऊ नकोस. बँकेचा हप्ता रुपयांत जातो. खोलीभाडं, मेस, सगळं रुपयांत. तुझ्यासारख्या कर्ज असलेल्या मुलानं पगार रुपयांत, खात्यावर आणि पीएफसकट मागावा. वर टोकन दिले तर ते बक्षीस समजावं.

आता घर. या उत्तरातलं तुला सगळ्यात अवघड जाईल ते हेच, आणि मी ते सोपं करून सांगू शकत नाही. येत्या शनिवारी गावी जा. फोनवर सांगू नकोस. आधी आईला सांगून तिला मध्ये घालू नकोस, तिच्या जिवाला तो घोर कशाला? आबांसमोर बस आणि पूर्ण आकडा पहिल्याच वाक्यात सांग. "थोडं नुकसान झालंय" अशी सुरुवात करून हप्त्याहप्त्यानं सांगितलंस तर पुढे तुझ्या कुठल्याच शब्दावर त्यांचा विश्वास बसणार नाही. बहिणीच्या फीची तारीख कधी आहे ते माहीत असू दे, कारण पहिला प्रश्न तोच येईल. त्यासाठीच घाई करायला सांगतेय. तारखेच्या आदल्या दिवशी कळलं तर त्यांना सावकार नाहीतर सोनं, एवढंच उरेल. महिनाभर आधी कळलं तर कॉलेजकडे हप्ते मागता येतात, शैक्षणिक कर्जासाठी बँकेत अर्ज करता येतो, उसाच्या बिलाचा अंदाज घेता येतो. बहिणीलाही तूच सांग. पैसे तिच्या नावचे होते.

आबा रागावतील. कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. पण द्राक्षबागायतदाराला तोटा नवा नसतो. अवकाळीनं घड कुजलेले, माल उचलून पैसे न देता पसार झालेला व्यापारी, यातलं काहीतरी त्यांनी किंवा त्यांच्या शेजाऱ्यानं सोसलेलं असणार. तुझ्या कर्जासाठी जमीन किंवा बाग गहाण टाकायची भाषा त्यांनी काढली तर तू ठाम नाही म्हण. कर्ज तुझ्या पगारातून फिटणार आहे, आणि त्याचा कागद सोबत घेऊन जा. तीन लाख, १६ टक्के, ३६ महिने, म्हणजे हप्ता साधारण १०,५५० चा. पगारातून तो गेला की साडेपंधरा हजार उरतात. पुण्यात ते कमीच. खोली बदलून लांब जावं लागेल, दोन वर्षं नवा फोन नाही, गाडी नाही. पगार खात्याच्या बँकेत जाऊन हेच कर्ज कमी व्याजानं तिकडे वळवता येतं का विचार. ॲपवाले टॉप-अपच्या ऑफर पाठवत राहतील, त्या घ्यायच्या नाहीत. ॲपच काढून टाक, हप्ता बँकेतून आपोआप जाऊ दे.

रूममेटशी भांडू नकोस, पण खोली बदलतोच आहेस तर त्याच्यासोबत बदलू नकोस. रोज रात्री शेजारच्या कॉटवर कुणी चार्ट उघडून बसलं असेल तर तुला सोडणं जमणार नाही.

उरलेलं १८ हजारांचं बिटकॉइन विकून टाक. ते पुढे वाढेलही. पण १६ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना ते फेडण्यातला फायदा पक्का असतो आणि बिटकॉइनमधला नसतो. शिवाय ते एक्स्चेंजवरच पडून असेल तर तीही जोखीम आहे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं आणि ग्राहकांना आपल्याच पैशासाठी वर्षाहून जास्त थांबावं लागलं. फीचं देणं मात्र कर्जाच्याही आधीचं, म्हणून विकून आलेले पैसे बहिणीच्या फीच्या पहिल्या हप्त्यासाठी बाजूला ठेव आणि गावी जाशील तेव्हा सोबत ने.

सीएसव्हीच्या बेरजा झाल्या की चारही आकडे मला लिहून पाठव, चांगले असोत की वाईट. स्क्रिप्ट नव्यानं बांधलीस की गिटहबवर टाक आणि लिंक पाठव, मी स्वतः वाचून कुठे काय सुधारायचं ते कळवेन. टाकण्याआधी एक तपास : जुन्या कोडमध्ये एक्स्चेंजची एपीआय की (प्रोग्रॅमला तुझ्या खात्यात शिरू देणारी किल्ली) लिहिलेली असेल. ती नुसती पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये (कोडच्या साठवलेल्या आवृत्त्यांत) तशीच राहते. एक्स्चेंजवर जाऊन आधी ती की रद्द कर, मग नवी रेपॉझिटरी उघड.